सोलापुरात इतिहासावर टॉक द्यायचाय? मग आधी 'कशावरून' याची तयारी ठेवा

पहिल्यांदा बोललो तेव्हा मी विषय ठेवला होता 'सोलापूरचा दोन हजार वर्षांचा इतिहास'. आता आठवलं की हसू येतं. जुळे सोलापुरातल्या एका सोसायटीचा हॉल, गणपतीचे दिवस, ९४ स्लाइड, आणि सुरुवात डायरेक्ट सातवाहनांपासून. बहामनी येईपर्यंत मागच्या दोन रांगा रिकाम्या झाल्या, आदिलशाहीत लाइट गेली, ती आली तोवर आरतीची वेळ झाली. १९३० च्या मार्शल लॉपर्यंत, म्हंजे इंग्रजांनी गावावर लावलेल्या लष्करी अंमलापर्यंत, मी पोचलोच नाही आणि लोक खरं तर त्याच्यासाठीच आले होते. शेवटी गिरणीतनं रिटायर झालेले एक काका उठले, म्हणाले "सोळा गावं मिळून सोलापूर म्हणालात, ते कशावरून?" मी म्हणालो असं ऐकलंय. काका म्हणाले, "ऐकलेलं आम्हालाबी माहीताय की, मग तुम्हाला कशाला बोलावलं?"

त्यानंतर बरेच कार्यक्रम केले, काही जमले, काही पार झोपले. वाचनालय, शाळा, मंडळं, बिल्डिंगच्या गच्चीवर, किल्ल्यात फिरत फिरत. हल्ली बरेच जण विचारतात की आम्हालाही आमच्या भागात असं काहीतरी करायचंय, कसं करायचं, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. मी इतिहासाचा प्रोफेसर वगैरे नाही, हे आधीच सांगतो.

सगळ्यात पहिलं, विषय बारीक करा. 'सोलापूरचा इतिहास' हा विषयच नाही, ती लायब्ररी झाली. 'सोलापूरचा किल्ला' हा सुद्धा मोठाच. 'हा किल्ला हुंड्यात कसा गेला' हा झाला विषय. म्हंजे बघा, पार्क चौकातनं रोज गाडीवर जाताना तटाकडे बघणारी जी लाखभर माणसं आहेत त्यांना बुरूज किती, खंदक किती याच्याशी घेणंदेणं नसतं, पण हुंडा ठरला आणि दिलाच नाही म्हटलं की बायका लगेच सरसावून बसतात. १५२४ च्या सुमारास अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाचं लग्न विजापूरच्या आदिलशहाच्या बहिणीशी झालं, निजामशाहीचं म्हणणं असं की सोलापूर हुंड्यात कबूल केलं होतं, विजापूरकर म्हणाले कोण म्हणतं, आणि त्याच्यावरनं पुढं कित्येक वर्षं लढाया. मग पुढच्या पिढीत हुसेन निजामशहाची मुलगी चांदबीबी अली आदिलशहाला दिली आणि त्या लग्नात सोलापूर हुंडा म्हणून विजापूरला गेलं. म्हंजे एकदा इकडनं मागितलं, एकदा तिकडनं दिलं, गाव तेच. आणि ही सोयरीक जुळली म्हणूनच जानेवारी १५६५ मध्ये हे दोघं एका बाजूनं विजयनगरविरुद्ध तालिकोटला उभे राहिले. बस. चाळीस मिनिटं आरामात जातात, आणि लोक घरी जाऊन दुसऱ्याला सांगू शकतात. माझी कसोटी ही, की ऐकणाऱ्याला रिक्षात बसल्या बसल्या शेजारच्याला दोन वाक्यांत सांगता आलं पाहिजे, नाही आलं तर विषय अजून मोठा आहे.

दुसरी गोष्ट, जे लोक रोज बघतात तिथनं सुरुवात करा. महापालिकेची इंद्रभुवन इमारत, चार हुतात्म्यांचे पुतळे, डॉ. कोटणीसांचं भैय्या चौकातलं घर, सिद्धेश्वराचं तळं. दूरचं राजघराणं आणि वंशावळ नको. वंशावळ स्लाइडवर आली की मोबाइल बाहेर येतात, हा माझा अनुभव आहे, एकदाही चुकलेला नाही.

आता माल कुठनं गोळा करायचा. गुगलवर पहिलं जे येतं ते सगळे एकमेकांचं कॉपी केलेलं असतं, त्यामुळे पाच ठिकाणी तेच लिहिलंय म्हंजे पाच पुरावे झाले असं समजू नका, तो एकच पुरावा पाच वेळा आहे. इंग्रजांच्या काळातलं १८८४ चं सोलापूर जिल्ह्याचं गॅझेटियर, म्हंजे जिल्ह्याच्या माहितीचं सरकारी पुस्तक, नेटवर फुकट मिळतं, आणि नंतर महाराष्ट्र सरकारनं १९७७ मध्ये काढलेलं पण आहे. दोन्ही वाचा, शेजारी शेजारी ठेवून वाचा. जुन्यात इंग्रज साहेबाचा चष्मा आहे हे डोक्यात ठेवायचं, पण बाजार कुठला, पीक काय, रस्ता कुठनं जायचा असलं बारीक सारीक त्यात भरपूर सापडतं. मग जुनं वाचनालय गाठा, हिराचंद नेमचंदमध्ये जाऊन बसा, तिथं जे म्हातारे रोज पेपर वाचायला येतात त्यांच्याशी चहाला जा. अर्धी माहिती कपाटात असते आणि अर्धी चहाच्या टपरीवर.

एक खड्डा आहे, त्यात मी पण पडलोय म्हणून सांगतो. जुन्या इंग्रजी पुस्तकांत आपल्याला 'शोलापूर' म्हणतात आणि तिकडं कर्नाटकात यादगीर जिल्ह्यात सुरपूर आहे त्याला 'शोरापूर'. एका अक्षराचा फरक. मेडोज टेलर नावाचा साहेब, त्याची शोरापूरच्या राजाची, राणीची भन्नाट हकीकत वाचून मी जवळजवळ अख्खा टॉक तयार केला होता की आपल्या सोलापुरात असं असं झालं. कार्यक्रमाच्या तीन दिवस आधी नकाशा उघडला आणि घाम फुटला. तेव्हा नाव दिसलं की नकाशात बघा, नदी कुठली आहे बघा, शेजारची गावं जुळतात का बघा.

सन काढायचं पण शिकून घ्या, अवघड काही नाही. शिलालेखात शके असतं, त्यात ७८ मिळवले की इसवी सन, वर्षाच्या शेवटी शेवटी एखाद्याचा फरक पडतो. हिजरी असेल तर त्या आकड्याला ०.९७ नं गुणा आणि ६२२ मिळवा, साधारण येतं. मराठेशाहीच्या कागदात शुहूर सन असतो, त्यात ५९९ किंवा ६००. फोनवर हे तीन आकडे लिहून ठेवा, समोरनं कुणी शके सांगितलं आणि तुम्ही तिथल्या तिथं सन सांगितला की हॉल तुमचा.

आता त्या काकांच्या प्रश्नाकडे येतो, कारण तो माझ्या मनातनं गेलाच नव्हता. सोळा गावांचं सोलापूर, हे शाळेपासनं ऐकलेलं. शोधायला लागलो तर कळलं की आपल्या ग्रामदैवताच्या, सिद्धरामेश्वरांच्या काळातल्या, म्हंजे बाराव्या शतकातल्या लेखांत गावाचं नाव 'सोन्नलगे' येतं, कानडीत सोन्नलिगे. यादवांपर्यंत हेच. मग मोहोळ तालुक्यात कामतीला शके १२३८ चा, म्हंजे १३१६ चा संस्कृत लेख आहे त्यात 'सोनलीपूर'. किल्ल्यातल्या एका लेखात 'सोनलपूर', किल्ल्यातल्याच विहिरीवरच्या लेखात 'संदलपूर'. त्यातला न मधल्या मध्ये गळाला आणि सोलापूर राहिलं असा अभ्यासकांचा अंदाज. सोळाचा त्यात काही संबंध दिसत नाही.

हे लोकांना सांगायचं कसं, ही खरी कला आहे. मी आधी करायचो ते असं, की उभं राहायचं आणि म्हणायचं "तुम्हाला जे माहीत आहे ते चूक आहे". लोकांचे चेहरेच बंद होतात. कारण ते सोळा गावांचं त्यांना त्यांच्या आजोबांनी सांगितलेलं असतं, म्हंजे तुम्ही आजोबाला खोटं पाडलं. आता मी उलटं करतो. आधी त्यांनाच विचारतो, सोलापूर नाव कशावरनं पडलं? दहा जण सोळा म्हणतात. मग म्हणतो बरं, त्या सोळा गावांची नावं सांगा. सहा-सातपर्यंत गाडी येते, मग भांडणं सुरू होतात, हे गाव त्यात नव्हतंच वगैरे. तिथं पडद्यावर एक एक नाव आणायचं, सोन्नलगे, सोनलीपूर, सोनलपूर, संदलपूर, आणि गप्प बसायचं. मागनं कोणीतरी स्वतःच म्हणतं, अरे हे तर सोन्नलगेवरनंच आलंय की. ते वाक्य तुम्ही बोलायचं नाही, त्यांना बोलू द्यायचं.

त्या काकांना मी नंतर शोधत गेलो होतो हे उत्तर घेऊन. ते म्हणाले हां, आता बोललास.

जागेवर स्वतः जा. फोटो डाउनलोड करून टॉक होतो पण त्याला चव येत नाही. हत्तरसंग कुडल घ्या. विजापूर रोडनं निघालं की चाळीसेक किलोमीटर, भीमा आणि सीना दोघी मिळतात तिथं. संगमेश्वराचं देऊळ आहे, आणि त्यात तुळईवर लेख आहे, त्यातली एक ओळ 'वाछि तो विजेया होईवा'. शके ९४०, म्हंजे १०१८ सालचा. जो वाचेल तो विजयी होईल. सोलापूरचे अभ्यासक आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा भर दुपारी गेलो, मान वर करून करून दुखायला लागली आणि मला दगडाशिवाय काही दिसेना. सोबतच्या मित्रानं मोबाइलचा टॉर्च समोरनं मारला तरी नुसता पांढरा दगड. मग त्यानं टॉर्च बाजूला नेला, अगदी दगडाला चिकटून, आडवा उजेड सोडला, आणि एकेक अक्षराच्या कडेला सावली पडायला लागली. आधी 'व' की 'च' कळेना, मग एकदम 'तो' दिसला. साधा 'तो'. आपण रोज बोलतो तो 'तो'. हजार वर्षांपूर्वी कोणीतरी छिन्नीनं काढलेला. मला वाटतं त्या दिवशी मला कळलं की स्लाइडवर काय दाखवायचं. आता मी आधी समोरनं उजेड मारलेला फोटो दाखवतो, कोणाला काही दिसत नाही, मग तोच आडव्या उजेडातला. हॉलमध्ये 'ओह' असा आवाज येतो, दर वेळी.

आणि हे नीट ऐका, लेख दिसत नाही म्हणून त्याच्यावर खडू, चुना, पीठ, पावडर काही काही चोळायचं नाही, पाणी मारायचं नाही, नखानं खरवडायचं नाही. फुकटचा टॉर्च पुरतो. देवळात गेलात तर पुजाऱ्याला विचारून, चपला बाहेर, आणि गाभाऱ्यात फोटो नको म्हणाले तर नको. तिथंच हरिहरेश्वराच्या देवळाजवळचं ते ३५९ मुखांचं शिवलिंग पण बघून या, मुलं मोजायला बसतात आणि कोणाचाच आकडा जुळत नाही.

या लेखावर बोलताना एक मोह होतो, 'मराठीतला पहिला शिलालेख आपल्या सोलापुरात' असं ठोकून द्यायचा. टाळ्या पडतात, मान्य. पण समोर एखादा जाणकार बसलेला असतो आणि तो म्हणतो अलिबागजवळच्या अक्षीच्या लेखाचं काय? तो शके ९३४, म्हंजे १०१२ चा वाचला गेलाय, काही अभ्यासक त्याचं साल बरंच पुढचं मानतात. आणि आपण शाळेत तर श्रवणबेळगोळचा 'श्रीचावुण्डराजें करवियलें' पहिला म्हणून पाठ केलेला. मग 'पहिला'चं काय करायचं? मी तिन्ही ठेवतो पडद्यावर आणि सांगतो की यावर वाद आहे, वाद असा असा आहे, आणि कुडलचा लेख पहिल्या काही मोजक्या लेखांत येतो यात वाद नाही. लोकांना वाद आवडतो हो, आपण उगीच घाबरतो. 'पहिला', 'सर्वात मोठा', 'आशियातला एकमेव' हे शब्द दिसले की स्वतःलाच विचारायचं, कशावरून. माझ्या नोट्समध्ये प्रत्येक वाक्याच्या शेजारी समासात कुठनं घेतलं ते पेन्सिलनं लिहिलेलं असतं, जिथं समास रिकामा आहे ते वाक्य बोलायचं नाही.

दंतकथेचं प्रकरण वेगळं. सिद्धरामेश्वरांची गड्ड्याची यात्रा, सोलापूरकराला यात काय सांगणार? कुंभारकन्येनं सिद्धरामांशी लग्न करायचा हट्ट धरला, ते संन्यस्त, मग त्यांनी आपल्या योगदंडाशी लग्न लावायला सांगितलं, आणि म्हणून दर संक्रांतीला संमती कट्ट्यावर अक्षता पडतात, बाराबंदी घातलेले मानकरी, सात नंदीध्वज, सगळं. इथं कोणी उठून 'याला पुरावा काय' म्हणत नाही आणि तुम्हीही म्हणू नका. मी दोन आवाजात बोलतो. "असं सांगतात" हा एक आवाज. "असं लिहिलेलं सापडतं" हा दुसरा. सिद्धराम बाराव्या शतकातले, बसवण्णांच्या काळातले, त्यांची कानडी वचनं आहेत, वचनाच्या शेवटी 'कपिलसिद्ध मल्लिकार्जुन' ही त्यांची मुद्रा येते, त्यांनी तळं खणून घेतलं, ६८ लिंगं स्थापली असं परंपरा सांगते. दोन्ही सांगायचं, फक्त कुठलं कुठल्या खात्यातलं ते मिसळायचं नाही. लोकांना हे बरोबर समजतं, आपणच त्यांना कमी समजतो.

आणि यात एक गंमत करता येते. आपल्या सोलापुरात मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू चारी भाषा एकाच गल्लीत. मला कानडी वाचता येत नाही, तर मी एखाद्या वचनाचा कागद घेऊन जातो आणि विचारतो कोणाला कानडी येतं का. कोणीतरी आजी असते, आधी लाजते, मग उठून असं काही म्हणते की माझ्या चाळीस मिनिटांपेक्षा ती दोन मिनिटंच लोकांच्या लक्षात राहतात. साखर पेठ, अशोक चौक भागात पद्मशाली, म्हंजे तेलुगू विणकरांची घरं जास्त, तिथं बोलायचं तर मागावरची गोष्ट घ्या, १८७७ ला मुरारजी गोकुळदासांनी काढलेली गिरणी जिला सगळे जुनी मिलच म्हणायचे, तेलंगणातनं आलेले विणकर, चादर. पण हे सांगताना तुम्ही शिकवायला गेलाय असं दाखवू नका. तिथं समोर बसलेल्या प्रत्येकाच्या घरात कोणी ना कोणी मागावर बसलेलंय. तिथं प्रश्न विचारायचे आणि ऐकायचं. मी एकदा ताणा-बाणा उलटा सांगितला तर अख्ख्या हॉलनं दुरुस्त केला, हसून हसून.

धक्का देणारी गोष्ट कशी सांगायची ते सांगतो, कारण सगळ्यांना 'माहीत नसलेला इतिहास' पाहिजे असतो. माझी हुकमी गोष्ट बार्शी लाइट रेल्वेची. नवशिके काय करतात, तर पोस्टरवरच छापतात 'बार्शीची रेल्वे बांधणाऱ्यानं पॅराशूट बनवलं'. झालं, फुगा फुटला, आता कार्यक्रमाला कशाला यायचं. मी पोस्टरवर फक्त लिहितो 'बार्शीच्या छोट्या गाडीचा मोठा माणूस'. सुरुवात कुर्डुवाडीतनं करायची. मोठी रेल्वे बार्शीला न जाता कुर्डुवाडीवरनं गेली, स्टेशनला नाव मात्र बार्शी रोड, म्हंजे उतरा आणि बैलगाडीनं जा. बार्शीचा कापूस, धान्य सगळं बैलगाडीनं. मग एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाचा इंजिनियर, त्याचं डोकं अरुंद रुळात, अडीच फुटी, ७६२ मिलिमीटर. १८९७ ला गाडी सुरू, १९०६ ला पंढरपूरपर्यंत. इथं थांबायचं आणि लोकांना बोलू द्यायचं, कारण हॉलमध्ये त्या गाडीतनं वारीला गेलेलं कोणीतरी असतंच, टपावर बसून गेलेलं. चालत्या गाडीतनं उतरून परत चढायचो, ही गोष्ट प्रत्येक जण स्वतःचीच म्हणून सांगतो. ऐकायची.

हे सगळं झालं, लोक आठवणीत रमले, की मग हळूच म्हणायचं, आता या कॅलथ्रॉपचं पुढं काय झालं बघा. त्याचा एक मित्र होता, चार्ल्स रोल्स, रोल्स रॉइसमधला तो रोल्स. १९१० मध्ये विमान कोसळून मेला. कॅलथ्रॉपनं मनावर घेतलं की पडणाऱ्या विमानातनं माणूस वाचला पाहिजे, आणि पॅराशूटच्या मागं लागला. त्याच्या पॅराशूटचं नाव 'गार्डियन एंजल', पहिल्या महायुद्धात वापरलं गेलं. आपल्या कुर्डुवाडी-बार्शीचे रूळ टाकणारा माणूस! एवढं बोलायचं आणि पुढची स्लाइड रिकामी ठेवायची. धक्का शेवटच्या दहा मिनिटांत द्यायचा आणि त्याच्या आधी लोकांना आपलंसं वाटेल असं काहीतरी द्यायचं, नाहीतर नुसता धक्का म्हंजे व्हॉट्सअ‍ॅप फॉरवर्ड.

१९३० वर बोलणार असाल तर जरा जपून, हे मनापासून सांगतोय. आपल्या इथं हा नुसता इतिहास नाही, घरातली गोष्ट आहे. गांधीजींना ५ मे १९३० ला अटक झाली, गाव पेटलं, ८ मेला गोळीबार झाला, शंकर शिवदारे त्यात गेले. मग काही दिवस पोलीसच गावातनं गेले आणि स्वयंसेवकांनी व्यवस्था सांभाळली. १२ मेला मार्शल लॉ, तो ३० जूनपर्यंत. गांधी टोपी घालणं सुद्धा महागात पडत होतं. मंगळवार पेठ पोलीस चौकीतल्या दोन पोलिसांच्या खुनाचा आरोप ठेवून मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा या चौघांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिली.

नावं चारही घ्यायची, पूर्ण घ्यायची, कधी कुठलं आधी कुठलं नंतर ते बदलत राहायचं. मला एकदा एका ठिकाणी आयोजकांनी बाजूला घेऊन सांगितलं, सर आमच्या समाजाच्या हुतात्म्यावर जरा जास्त बोला, बाकीचे नुसते नाव घ्या. मी म्हणालो चौघांना एकत्र फाशी दिली, मी वेगळे कसे करू. मानधनाचं पाकीट नंतर आलंच नाही, ते जाऊ दे. दुसरं, आकडे. किती मेले, किती जाळलं, याचे आकडे जो तो वेगळे सांगतो, सरकारी वेगळे, लोकांचे वेगळे. तुम्हाला खात्री नसेल तो आकडा तोंडातनं काढू नका, कारण समोर नातू बसलेला असतो. आणि आवाज चढवायचा नाही. साधं सांगितलं तरी लोकांच्या डोळ्यात पाणी येतं, त्यावर भाषणबाजीची फोडणी कशाला.

बाकी व्यवस्थेचं पटापट सांगतो. चाळीस मिनिटं बोलायचं, वीस मिनिटं प्रश्न, त्याच्यावर नको. स्लाइड पंधरा-सोळा, प्रत्येकीवर एक फोटो, अक्षरं जवळजवळ नाहीतच. लॅपटॉपला लागणारी पिन स्वतःची न्या, हॉलवाले 'आहे सर सगळं' म्हणतात आणि असतं भलतंच. पीपीटी पेन ड्राइव्हवर पण ठेवा आणि मोबाइलवर पण, आणि तिन्ही बंद पडले तरी बोलता आलं पाहिजे, लाइटचा भरवसा नाही. माईक आधी तपासा, मंडळाचा साउंडवाला आवाज लग्नाएवढा ठेवतो, त्याला आधीच चहा पाजून सांगा. सत्कार, दीपप्रज्वलन, पाहुण्यांचा परिचय यात अर्धा तास जातो म्हणून मी आता पत्रिकेतच छापून घेतो, सत्कार शेवटी. शेवटी ठेवला की आपोआप छोटा होतो.

वेळ सोलापूरची बघून ठेवा. हॉलमधलं संध्याकाळी सात, गिरणी-कारखाना सुटून, बायकांची विडीची पानं, स्वयंपाक उरकून लोक येऊ शकतील असं. किल्ल्यात फिरत सांगायचं असेल तर मार्च ते मे सकाळी साडेसहालाच सुरू, नऊच्या आत संपवा, नाहीतर ऊन असं काही चढतं की आदिलशाही काय नि निजामशाही काय, लोक सावली शोधत पांगतात. पाण्याची बाटली प्रत्येकानं आपापली. वीस-पंचवीसच्या वर माणसं नेऊ नका, मागच्याला ऐकू येत नाही. तटावर चढून सेल्फी काढणाऱ्याला आधीच दम द्या.

प्रश्नोत्तरात तीन प्रकारचे लोक भेटतात. एक ज्याला खरंच विचारायचंय. दुसरा ज्याला प्रश्न नाही, भाषण करायचंय, त्याला म्हणायचं "काका, तुमच्यावर एक वेगळा कार्यक्रमच ठेवू की" आणि पुढं जायचं. तिसरा ज्याला तुम्हाला अडकवायचंय, कुठल्या राजानं कुणावर अन्याय केला, आजचं राजकारण. त्यात मी पडत नाही, मी तेवढाच कागद समोर ठेवतो जो माझ्याकडे आहे. माहीत नसेल तर 'बघून सांगतो' म्हणा, आणि खरंच बघून सांगा, ग्रुपवर टाका. लोक चूक माफ करतात, थाप नाही करत. व्हिडिओ कोणी काढत असेल तर आधीच सांगा की अर्धा कापून टाकू नका, मधलंच वाक्य उचलून फिरवलं की मग निस्तरत बसा.

कार्यक्रम संपला की लगेच गाडीला किक मारू नका. खरा कार्यक्रम तिथनं पुढं असतो. खुर्च्या उचलेपर्यंतच्या त्या वीस मिनिटांत लोक जवळ येतात आणि हळू आवाजात सांगतात, माझे वडील जुन्या मिलमध्ये होते, त्यांचा पास आहे घरी. आमच्याकडे मोडीतला कागद आहे, कोण वाचेल. आजीकडे एक फोटो आहे, मागं काहीतरी लिहिलंय. तिथल्या तिथं नाव, नंबर लिहून घ्या, दुसऱ्या दिवशी फोन करा, फोटो काढायचा तर कागद त्यांच्याच घरी, उन्हात नाही, सावलीत सपाट ठेवून, आणि मूळ कागद कधीही मागून आणू नका. माझ्या पुढच्या चार टॉकचा माल असाच मिळालाय.

म्हणून एक वही बरोबर ठेवा. आणि पेन दोन न्या, एक कोणीतरी सही करायला म्हणून घेतं आणि परत देत नाही.